उंची कमी असलेल्यांनी डाउनची उबदार स्लीपिंग बॅग कशी निवडावी

डाउनची स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरील मऊ पिसे. त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि शरीरातून बाहेर पडणारी उष्णता तीच रोखून धरते. त्यामुळे बॅगेत जागा जितकी रिकामी, तितकी हवा झोपणाऱ्याला आपल्या अंगाने जास्त तापवावी लागते. बहुतेक ‘रेग्युलर’ बॅगा सुमारे १८३ सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या माणसासाठी बेतलेल्या असतात. १५५ सेंटिमीटर उंचीची व्यक्ती अशा बॅगेत झोपली, तर पायाशी चांगली सव्वा वीत जागा मोकळी राहते.

पायाकडच्या या पोकळीविषयी सगळेच बोलतात. माझ्या मते खरी अडचण डोक्याकडे असते. बॅग लांब असली की झोपेत शरीर खाली सरकते, हूडचे, म्हणजे डोके झाकणाऱ्या टोपीसारख्या भागाचे, तोंड कपाळाच्या वर जाते, गळ्याभोवती बसायला हवी ती पिसांची कॉलर हनुवटीवर येते आणि उच्छ्वासातील बाष्प आतच जिरू लागते. ओलसर पिसे एकमेकांना चिकटून चपटी होतात, त्यांच्यात हवा राहत नाही, आणि सलग काही रात्री असेच घडले तर बॅगेची ऊब उतरत जाते.

म्हणून तापमानाच्या आधी लांबी पाहावी. ‘शॉर्ट’ बॅगा साधारणतः १६८ सेंटिमीटर उंचीपर्यंत चालतात. मात्र दिलेला आकडा झोपणाऱ्याच्या कमाल उंचीचा आहे की बॅगेच्या बाहेरील लांबीचा, हे नीट वाचावे. शक्य असेल तर दुकानातच बॅगेत उताणे झोपून झिप पूर्ण लावावी आणि हूडची दोरी आवळावी. नाक व तोंड उघडे राहून बाकी चेहरा झाकला गेला, कॉलर खांद्यांवर टेकली आणि पावले ताणल्यावर बोटे टोकाला जेमतेम लागली, तर बॅग मापाची समजावी. बोटांनी पिसे दाबली जात असतील तर ती आखूड आहे, कारण दाबलेल्या जागी थंडी हमखास लागते. मग कुशीवर वळून खांदे व कंबर यांचा घेर तपासावा.

स्त्रियांसाठीच्या बॅगा बहुधा लांबीला कमी, खांद्यांत अरुंद आणि कमरेत रुंद असतात. पुष्कळदा पायाशी पिसेही जास्त भरलेली असतात. खांदे मावत असतील तर बुटक्या पुरुषानेही ती घ्यायला संकोच करू नये. लहान मुलांची बॅग स्वस्त पडते खरी, पण कडाक्याच्या थंडीसाठी ती क्वचितच बनवलेली असते.

तापमानाच्या बाबतीत आयएसओ २३५३७ या स्लीपिंग बॅगांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलेले आकडे पाहावेत. त्यातील ‘कम्फर्ट’ आकडा, म्हणजे ज्या तापमानापर्यंत आरामात झोप लागते तो, १६० सेंटिमीटर उंचीच्या, ६० किलो वजनाच्या प्रमाण स्त्रीला, तर ‘लोअर लिमिट’, म्हणजे अंग आखडून का होईना झोप लागू शकते ते किमान तापमान, हा १७३ सेंटिमीटर उंचीच्या, ७३ किलो वजनाच्या प्रमाण पुरुषाला धरून काढतात. लहान चणीच्या व्यक्तीने ‘कम्फर्ट’वरच भिस्त ठेवावी. बॅगेवर ठळक छापलेला आकडा अनेकदा ‘लोअर लिमिट’चा असतो आणि तिथेच फसगत होते. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा तर केवळ जीव वाचण्यापुरता असतो. खरेदी करताना तो विचारात घेऊ नये.

फिल पॉवर म्हणजे एक औंस पिसे किती घन इंच जागा व्यापतात, त्याचे माप. ८०० फिल पॉवरची पिसे ६०० च्या पिसांपेक्षा कमी वजनात तेवढीच ऊब देतात, पण आत पिसे किती ग्रॅम आहेत हे कळल्याशिवाय एकटा आकडा निरुपयोगी आहे. आखूड बॅगेत पिसांचे वजन थोडे कमी दिसले तर बिचकू नये, कारण भरायची जागाच कमी असते. कडक थंडीसाठी आतील कप्पे पातळ कापडी भिंतींनी वेगळे केलेले असावेत. आरपार शिवलेल्या टाक्यांच्या रेषेवर पिसे नसतात व तिथून ऊब निसटते. झिपच्या आतून पिसांची जाड पट्टीही हवी.

मापाची बॅग मिळालीच नाही, तर लांब बॅगेचे उरलेले टोक अंगाखाली दुमडून घ्यावे किंवा त्यात दुसऱ्या दिवशीचे कपडे सैलसर भरावेत. ते पूर्ण कोरडे असले पाहिजेत, नाहीतर त्यांचा ओलावा पिसांतच उतरतो.