जीपची किंगपिन उघडण्याआधी

मिरगाचा पाऊस पडला की आमच्याकडची काळी माती चाकाला अशी बसते की काढायला खुरपं घ्यावं लागतं. म्हणून जुन्या महिंद्रा जीपचा पुढचा ॲक्सल उघडायचा तर रोहिणी निघायच्या आत, आणि उघडायच्या आधी सगळं सामान हाताशी असलं पाहिजे. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावातून एका बेअरिंगसाठी लातूरला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. तोवर उघड्या नकलमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या सांध्यात, धूळ, भुसकट आणि पोरांनी टाकलेले चिंचोके जमा झालेले असतात.

आधी दुखणं किंगपिनचंच, म्हणजे नकल ज्या खिळीवर वळते तिचंच आहे का, ते बघायचं. स्टेअरिंग थरथरतंय एवढ्यावरून थेट पाना हातात घ्यायचा नाही. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरायचं, घरातल्या कुणाला तरी ब्रेकवर पाय देऊन बसवायचं आणि चाक हलवायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, ते काम तासाभराचं. ब्रेक दाबूनही ठकठक राहिली तर किंगपिन. त्याच बैठकीत टाय रॉडचे एंड आणि पाट्यांचे बुश बघून घ्यायचे, कारण तिथला खेळही हुबेहूब तशीच थरथर देतो. नकलच्या खाली बोट फिरवून वास घ्यायलाही विसरू नये. बोटाला घट्ट ग्रीस लागलं तर फेल्ट सील, म्हणजे नकलच्या कडेचं नमद्याचं सील गेलंय. गंधकासारखा वास मारणारं पातळ गिअर ऑइल लागलं तर ॲक्सलच्या नळीतलं आतलं सीलही यादीत घाला. ते तसंच ठेवलं तर डिफरन्शियलचं ऑइल नवं ग्रीस पातळ करून बाहेर काढतं आणि सगळी मेहनत वाया.

आता सामान. विलीस या मूळ अमेरिकन जीपच्या वळणाच्या, ॲक्सलच्या टोकाच्या लोखंडी गोळ्यावर नकल फिरणाऱ्या जुन्या ॲक्सलला प्रत्येक बाजूला वर एक आणि खाली एक, असे चार टेपर बेअरिंगचे संच लागतात. आतल्या, रोलर असलेल्या कोनचा नंबर ११५९० आणि बाहेरच्या कड्याचा, म्हणजे कपचा ११५२०. कोनचं भोक १५.८७५ मिलिमीटर, म्हणजे ५/८ इंच, आणि कपचा बाहेरचा व्यास ४२.८६२ मिलिमीटर. पण आपल्याकडच्या जीपना तीन-तीन मालक होऊन गेलेले असतात आणि मधल्या काळात कुणी कुठला ॲक्सल बसवलाय याचा भरवसा नाही. तेव्हा एक बाजू आधी उघडून जुना नंबर रॉकेलने पुसून वाचावा आणि मगच दुकानात जावं. दुकानात डबा उघडून, कोन कपात फिरवून, व्हर्नियर लावून बघावं. मला एकदा डब्यावर बरोबर नंबर आणि आत भलताच कोन मिळाला होता. ते कळलं घरी आल्यावर, रात्री नऊला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, डबा बघून दिला की!" कोन आणि कप मात्र नेहमी जोडीनेच बदलायचे. नवा कोन जुन्या कपात घालणं म्हणजे नवा बूट फाटक्या मोज्यावर.

जुना कप काढला की उजेडात तिरका धरून बघा. किंगपिन चाकाच्या बेअरिंगसारखी गरगर फिरत नाही, इकडून तिकडे थोडीशी वळते. त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी आपटत राहतात आणि कपात नखं रुतवल्यासारख्या रेघा पडतात. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग मध्यभागी अडकल्यासारखं वाटतं, ते यामुळे.

दोन्ही बाजूंचे फेल्ट सील, हबच्या नटांमधली वाकवायची लॉक वॉशर (जुनी पुन्हा वाकवू नका, कान तुटतो), फ्लँजचे कागदी गॅस्केट, दोन किलो चांगलं लिथियम ग्रीस, डिझेल, चिंध्या आणि बारीक एमरी पेपर आणून ठेवावा. एमरी गोळ्यासाठी. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं फेल्ट एका पावसाळ्यात चिरफाळतं.

कप बसवायची माझी पद्धत अशी: नवे कप आदल्या रात्री फ्रीजरमध्ये. आईचा याला कायमचा विरोध, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या ट्रेखाली. जुन्या कपाची बाहेरची कड लेथवाल्या चाचांकडून किंचित घासून आणायची. मग तोच ठोकायचा ठोकळा होतो आणि नव्या कपाला हातोडा थेट लागत नाही. कप तळाला टेकला की आवाज ठकठक न राहता ठण्ण होतो, तिथे थांबायचं.

जॅकसाठी बाभळीची जाड फळी हवीच. काळ्या मातीत जॅक रुततो आणि शहाबादी फरशी तडकते. दोन पक्क्या घोड्या ॲक्सलखाली, मागच्या चाकांना दगड. ब्रेकची प्लेट सोडवल्यावर पाइप उघडायची गरज नाही, पण ती तारेने पाट्याला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. टाय रॉडचा एंड पिनवर ठोकून काढू नये. आर्मच्या दोन बाजूंना दोन हातोडे एकाच वेळी मारले की सुटतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते शिमांना, म्हणजे फट भरायच्या पातळ पत्र्याच्या चकत्यांना. वरच्या-खालच्या, डाव्या-उजव्या अशा चार तारांत ओवून प्रत्येकीला चिठ्ठी बांधायची. शिम काढली की बेअरिंगवरचा दाब वाढतो. वर-खाली दोन्हीकडे शिमा असतील तर काढताना दोन्हीकडून सारख्याच जाडीच्या काढाव्यात, नाहीतर नकल मध्यावरून सरकते. पातळ शिमा जास्त आणून ठेवा, इंचाच्या ३ आणि ५ हजारांश जाडीच्या.

दाब मोजायला हुकाचा स्प्रिंगकाटा लागतो. कापूस तोलायचा मोठा काटा चालत नाही, दोन किलोला तो जागचा हलतही नाही. पाच किलोचा छोटा घ्या. फेल्ट, टाय रॉड आणि आतली ॲक्सल शाफ्ट काढलेली असताना, बोल्ट पूर्ण आवळून, नकल चार-पाच वेळा फिरवून मगच काटा टाय रॉडच्या भोकात अडकवायचा आणि आर्मला काटकोनात ओढायचा. जुन्या विलीसला फेल्टशिवाय ४ ते ६ पौंड हवेत, म्हणजे साधारण १.८ ते २.७ किलो. मी पहिल्यांदा "घट्ट तेवढं चांगलं" म्हणून जास्त आवळलं होतं. घाट उतरताना वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येईना, हाताने ओढून आणावं लागायचं. परत सगळं उघडलं.

टाय रॉड जोडल्यावर टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किती आत वळलीत ते बघायचं असतं, त्यासाठी टेप आणि खडू. एक बाजू पुरती बसवल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. आणि जवळ ऑइल पेंटची छोटी डबी ठेवा. कुठे किती जाडीची शिम बसली ते मी बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहितो, कारण वही उसाच्या बिलांबरोबर कुठे जाते ते आमच्या घरात कुणालाच सापडत नाही.