परदेशी पाहुणा कोकणात येतोय? व्हिसा आणि फॉर्म सीच्या या चुका टाळा

तारकर्लीला किंवा गुहागरला होमस्टेच्या दारात परदेशी पाहुणा उभा राहतो, तेव्हा त्याचा व्हिसा विमानतळावर तपासून झालेला असतो. मग आपण कशाला बघायचं, असं घरमालकाला वाटतं आणि पहिली चूक तिथेच होते. पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुणा मुक्कामाला असल्याची सरकारी नोंद, ऑनलाइन भरणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. दोन खोल्यांचं न्याहारी-निवास असलं तरी ती चुकत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिक कायदा लागू झाला, त्यातही ती कायम आहे.

हा फॉर्म भरायच्या सरकारी पोर्टलवरचं खातं पाहुणा आल्यावर काढायला बसू नका. नोंदणी मंजूर व्हावी लागते, तोवर फॉर्म भरता येत नाही. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात आणि ही मंजुरी त्यांच्याकडूनच येते, म्हणून हे काम हंगाम सुरू होण्याआधीच उरकून ठेवा. पावसात लाइट आणि रेंज दोन्ही जातात, पण २४ तासांचं घड्याळ थांबत नाही. पाहुण्याने बॅगा ठेवल्या की लगेच पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा आणि भारतात उतरल्याच्या शिक्क्याचं पान यांचे फोटो घ्या.

भरताना सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा होतो. अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो. त्याने सांगितलेली ०५/०६ ही ६ मे असते, आपण ५ जून भरतो. म्हणून तोंडी विचारू नका, पासपोर्ट बघून भरा. भारतात आल्याची तारीख आणि तुमच्याकडे आल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा क्रमांकाच्या जागी अर्जाचा क्रमांक टाकणं हीसुद्धा नेहमीची चूक. कुटुंब आलं असेल तर प्रत्येकाचा, लहान मुलांचाही, वेगळा फॉर्म.

बुकिंग घेतानाच पाहुण्याला काही गोष्टी कळवल्या तर पुढचा मनस्ताप वाचतो. पासपोर्ट भारतात उतरल्यापासून किमान ६ महिने चालणारा हवा आणि त्यात २ कोरी पानं हवीत. ई-व्हिसाचा (ऑनलाइन मिळणाऱ्या व्हिसाचा) अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरच करावा, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते बघून; हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं भरमसाट पैसे घेतात. पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला तरी मंजुरी कामाची राहत नाही. अर्ज नव्याने करावा लागतो आणि भरलेली फी परत मिळत नाही.

३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसात एक फसवी जागा आहे. मंजुरीपत्रावरची मुदत म्हणजे त्या तारखेपर्यंत भारतात यायचं. राहण्याचे ३० दिवस उतरल्यापासून मोजायचे. १ आणि ५ वर्षांच्या व्हिसाची मुदत मात्र मंजुरीच्या दिवसापासूनच सुरू होते. ३० दिवसांचा व्हिसा वाढवून मिळत नाही, तेव्हा ‘अजून आठवडाभर राहतो’ म्हणणाऱ्याची खोली वाढवण्याआधी शिक्क्याची तारीख बघा.

ई-व्हिसावर भारतात ठरावीक ठिकाणांहूनच येता येतं. सिंधुदुर्गाला जवळचा गोव्यातला मोपा विमानतळ त्यात आहे, गोव्यातलाच दाबोळी आणि मुंबईही आहेत. सिंधुदुर्गातल्याच चिपी विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमान उतरत नाही, तिथे फक्त देशांतर्गत प्रवासाने यायचं.

मालवणात स्कूबा शिकवणारा, होमस्टेत हातभार लावणारा परदेशी तरुण टुरिस्ट व्हिसावर असेल तर सावध राहा. या व्हिसावर स्वयंसेवा जास्तीत जास्त १ महिना चालते, तीही कसलाही मोबदला न घेता. कामाच्या बदल्यात फुकट खोली आणि जेवण हाही मोबदलाच ठरू शकतो.

गणपतीला परदेशातून येणाऱ्या आपल्याच माणसांची चूक वेगळी असते. आईवडिलांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड, त्यावर व्हिसाशिवाय येता येतं) असतं आणि तिकडे जन्मलेल्या, तिकडचाच पासपोर्ट असलेल्या बाळाकडे काहीच नसतं. आईवडिलांच्या कार्डावर बाळाला येता येत नाही. त्याला स्वतःचं कार्ड किंवा व्हिसा लागतो. २० वर्षांच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआय पोर्टलवर ३ महिन्यांच्या आत चढवायचा असतो. तिकिटं काढण्याआधी हे तपासा.