टिळकांचं डोकं मोठं का येतं? साठीनंतर व्यक्तिचित्र रंगवताना या चुका टाळा

चित्रातल्या टिळकांचं डोकं मोठं आलं की ‘या वयात हात वळत नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. हाताचा दोष क्वचितच असतो. बोर्ड टेबलावर सपाट ठेवला की वरची कड डोळ्यांपासून लांब जाते, तिकडचं अंतर आखूड दिसतं आणि हात नकळत कपाळ वाढवतो. ईझल (चित्र उभं ठेवायचा स्टँड) नसेल तर बोर्ड खुर्चीच्या पाठीला टेकवा.

चष्माही बघा. वाचनाचा चष्मा साधारण 40 सेंटिमीटरसाठी असतो, ईझल 60-70 वर. चष्मेवाल्याला अंतर मोजून सांगा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. बायफोकलने मान वरखाली होते, मापं चुकतात.

खरी गोम पगडीत आहे. पगडी डोक्यावर ठेवलेली नसते, डोकं तिच्यात शिरलेलं असतं. आधी पूर्ण कवटी फिकट पेन्सिलीने काढा. टाळू ते हनुवटी या अंतराच्या मध्यावर डोळे. मग पगडीची कड कपाळावरून कवटीच्या गोलाईने वळवा. सरळ रेघ मारलीत तर पगडी नाही, झाकण दिसेल.

15×20 सेंटिमीटरच्या फोटोवर अडीच सेंटिमीटरचे चौकोन आखा, 30×40 च्या कॅनव्हासवर पाचचे, आणि एकेक चौकोन बघून चित्र उतरवा. प्रिंट काढणाऱ्याला ‘कापा, पण ताणू नका’ असं बजावा. रुंद चेहऱ्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

फोटो काळेपांढरे, म्हणून सावलीत काळा रंग कालवला जातो आणि चेहरा राखेचा होतो. त्याऐवजी बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत थोडा अल्ट्रामरीन निळा घाला. आंबेडकरांच्या चष्म्याची फ्रेमही सलग काळी ओढू नका, उजेडाकडची कड मध्येच तोडा.

पडवीत समोर जांभ्याची भिंत असेल तर उजेड तांबूस येतो. तिथे जमलेली कातडी माजघरात हिरवट वाटते. उत्तरेची खिडकी बरी.

तैलरंगात खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचा जवसाच्या तेलाचा. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि तडकतो. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर मागून बुरशी धरते. टिळकांच्या 1 ऑगस्टच्या पुण्यतिथीला चित्र लावायचं असेल तर तैलचित्र एप्रिलातच हातावेगळं करा. जूनमध्ये सुरू करणार असाल तर लवकर वाळणारे ॲक्रिलिक रंग घ्या.