एक स्विच बंद पडला की ईएसएक्सआयचे सगळे डेटास्टोअर गायब: माझा अनुभव

अंबड एमआयडीसी, नाशिक. ईएसएक्सआय, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर. आय-स्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून जोडलेलं; डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या फाइल्स ठेवायची जागा, त्यावरच), दोन नेटवर्क स्विच, सर्व्हरच्या आत दोन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधले स्विच), प्रत्येकाला एक नेटवर्क कार्ड. तरी पहिला स्विच बंद झाला की 'ऑल पाथ्स डाउन' (स्टोरेजकडे जाणारे सगळे मार्ग बंद) आणि व्हर्च्युअल मशीन गोठलेली. केबल बदलल्या, राउंड रॉबिन (मार्ग आळीपाळीने वापरायची पद्धत) लावलं, फरक नाही. जाम वैताग आला.

कारण असं निघालं: दोन्ही व्हीएमकर्नल पोर्ट (ज्यांतून ईएसएक्सआय स्टोरेजशी बोलतं) एकाच सबनेटमध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या एकाच गटात होते. अशा वेळी बाइंडिंग (पोर्ट आय-स्कझी अडॅप्टरला बांधणं) नसेल तर सगळी ये-जा एकाच पोर्टमधून होते.

उपाय असा: होस्ट (ईएसएक्सआयचा सर्व्हर) मेंटेनन्स मोडमध्ये टाका. सॉफ्टवेअर आय-स्कझी अडॅप्टर उघडून 'नेटवर्क पोर्ट बाइंडिंग'मध्ये दोन्ही पोर्ट जोडा. मग रीस्कॅन, म्हणजे स्टोरेज पुन्हा शोधायला लावा. पाथ दुप्पट दिसले पाहिजेत. त्यानंतरच स्विच बंद करून बघा. आमच्या मशीन चालू राहिल्या.

दोन्ही कार्डं एकाच व्हीस्विचवर असतील, तर आधी प्रत्येक पोर्टला एकच कार्ड अ‍ॅक्टिव्ह आणि दुसरं 'अनयूज्ड' करा. स्टँडबाय चालत नाही. सबनेट वेगळे असतील तर बाइंडिंग करू नका.