जुन्या वाड्याला नवी जोड: काम कोणत्या क्रमाने करावे

पुणे, वाई, सासवडकडचे जुने वाडे साधारण एकाच घडणीचे. काळ्या दगडाचे जोते, तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडी बैठकांवर) उभे सागवानी खांब, मधे माती-चुन्यातल्या विटा, वर कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या) आणि कौले. लाकूड कोरडे राहिले म्हणून ते आजवर टिकले. त्यामुळे परसात नवी जोड काढताना न्हाणी, संडास, स्वयंपाकघराची मोरी असे सगळे ओले काम आधी तिकडे हलवा. माडीवर कडीपाटावर बाथरूम काढणे म्हणजे तुळया कुजवणे.

१. कागदपत्रे. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, ते पाहा. शनिवारवाड्यासारखे केंद्र-संरक्षित स्मारक जवळ असेल तर १०० मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरांत दोन्ही परवानगीनेच.

२. भेगा. प्रत्येक भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे. कारण बहुधा पागोळीच्या पाण्याने खचलेला पाया, म्हणून आधी कौले आणि पन्हळी नीट करा. बाकीचे काम दिवाळीनंतर काढा.

३. लाकूड. खांबाच्या बुडाशी टोचा मारून पाहा. सहज आत गेला तर तेवढा भाग गेला. शेजारच्या तुळईखाली टेकू देऊन जॅकने भार घ्या, दिवसाला २-३ मिमीपेक्षा जास्त उचलू नका. घाई केली तर वरची कुसे (सांध्यात बसणारी लाकडाची टोके) फाटतात. कुजका तुकडा कापून जुने, मुरलेले सागवान तिरक्या सांध्याने आणि स्टेनलेस बोल्टने जोडा. तळखड्याभोवती कोणी सिमेंट लिंपले असेल तर फोडून काढा, पाणी तिथेच साचते.

कडीपाटावर बहुधा मातीचा थर असतो. ६ इंच मातीचे वजन चौरस फुटाला २०-२५ किलो भरते. त्यावर काँक्रीट आणि टाइल टाकली की कड्या झोल खातात.

४. गिलावा. सिमेंटचा गिलावा मऊ विटेतला ओलावा अडवतो. क्षार आत साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांत विटेचा पापुद्रा घेऊनच तो सुटतो. चुनाच वापरा. कळीचा चुना पाण्यात टाकून विरवा (चुन्यावर पाणी ओतू नका, उसळून डोळ्यांत जाते), चाळा आणि मळी (विरलेल्या चुन्याचा लगदा) ३-४ आठवडे पाण्याखाली मुरवा. १ भाग मळी, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग वाळू. भिंत भिजवून १०-१२ मिमीचा थर द्या आणि आठवडाभर ओली गोणपाटे लावा. उन्हात उघडा ठेवला तर तडकणारच.

५. जोड. जुन्या भिंतीत नव्या तुळया रोवू नका. नव्या भागाला स्वतःचा पाया आणि पोलादी सांगाडा द्या. आधी छोटा खड्डा घेऊन जुना पाया किती खोल आहे ते पाहा. नवा त्याहून जितका खोल, निदान तितका दूर हवा. तेवढी जागाच नसेल तर एक-एक मीटरचे तुकडे, एकाआड एक, खणा.

दोन्ही सांगाडे भूकंपात वेगवेगळे हलतात, म्हणून मधे ४०-५० मिमी फट ठेवा. जायचा रस्ता मीटरभर रुंद काचेच्या मार्गिकेतून काढा. म्हणजे नवे-जुने वेगळे दिसते, आणि ते दिसावेच. खोट्या महिरपी लावून जोड जुनी भासवू नका. छप्पर वाड्याच्या वळचणीखाली ठेवा.

गळती होते ती इथेच, सांध्यावर. मधली पन्हळ निदान ३०० मिमी रुंद हवी, माणूस उभा राहून पाला काढू शकेल एवढी. तिच्या कडेला जादा पाण्याचा नळ बाहेर काढा. सांधा झाकणाऱ्या पत्र्याची वरची कड भिंतीतल्या २५ मिमी खाचेत बसवून चुन्याने भरा. नुसते सिलिकॉन उन्हाने सुटते.

आणि वाड्याच्या मधल्या उघड्या चौकावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा नको. घरातली गरम हवा त्याच वाटेने बाहेर जाते.