"ताई, कोणाला सांगणार नाहीस ना?" – अत्याचार झालेल्या मुलांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करून मी या कामात आले त्याला आता नऊ वर्षं झाली. नवीन येणारे बहुतेक जण पहिलं हेच विचारतात की काय शिकू, प्ले थेरपी (खेळातून उपचार) की ट्रॉमा फोकस्ड सीबीटी (आघात झालेल्या मुलांच्या विचार-भावनांवर टप्प्याटप्प्याने बोलून करायचा उपचार). दोन्ही शिका, पण त्याआधी एक वाक्य पाठ करा, मी केलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी एक सात-आठ वर्षांची मुलगी (तपशील बदललेत) भातुकली मांडता मांडता थांबली आणि म्हणाली, ताई, कोणाला सांगणार नाहीस ना? मी पटकन म्हणाले, नाही सांगणार. मग तिने सांगितलं. आता पॉक्सो कायदा, 2012 (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपण काउन्सेलर असलो तरी, आणि नाही कळवलं तर कलम 21 मध्ये सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. मी कळवलं, कळवायलाच हवं होतं, पण तिच्यासाठी अजून एका मोठ्या माणसाने शब्द मोडला होता. पुढे कितीतरी सेशन ती चप्पल न काढता दाराजवळच बसायची.

तर ते वाक्य असं: "तुला सेफ ठेवायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन कोणाला ते." हे पहिल्याच भेटीत बोलायचं, मुलाने तोंड उघडायच्या आधी.

दुसरं म्हणजे तुम्ही तपास करायला बसलेले नाही. "नक्की काय झालं, परत सांग" हे आपण विचारायचं नाही, पोलिस आणि मॅजिस्ट्रेट जबाब घेतात, आपण खोदत बसलो तर मुलाला त्रास होतोच वर कोर्टात मुलाला शिकवून आणलंय असा आरोप होतो. ट्रॉमा फोकस्ड सीबीटीतसुद्धा घटनेचं बोलणं नंतर येतं, आधी भावनांची नावं, श्वास, शरीर शांत करणं, आणि आईबाबांचे (अर्थात ज्यांनी त्रास दिलेला नाही त्यांचे) सेशन सोबत चालू. आया बहुतेक वेळा एकच विचारतात, विसरेल ना हो ती? त्यांना वेळ द्या, खरंच द्या, कारण मूल घरी त्यांच्याकडेच जाणार आहे.

खोली तीच, वार तोच, वेळ तीच ठेवा. कोर्टाच्या कामासाठी बालकल्याण समितीकडून सपोर्ट पर्सन (केस चालू असताना मुलाला सोबत आणि मदत करणारा माणूस) मिळू शकतो, पालकांना हे माहीतच नसतं, सांगा. पोलिस जबाब घेताना युनिफॉर्ममध्ये नसावेत हेही कायद्यातच आहे. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लावा. आणि सुपरविजन (आपल्या केसेसबद्दल अनुभवी माणसाशी नियमित बोलणं) नसेल तिथे नोकरी घेऊ नका, पगार बरा असला तरी, मी पहिलं वर्ष त्याशिवाय काढलं आणि रात्र रात्र झोप नव्हती.

त्या मुलीने चार-पाच महिन्यांनी चप्पल काढली. मग दर वेळी निघताना विचारायची, आज कोणाला सांगणार? मी एकेक नाव सांगायचे. एकदा म्हणाली, शाळेत नको. शाळेत नाही सांगितलं.