पट्टकदंब बघायला निघताना

पिशवी नंतर भरा, आधी फोन करा. निघायच्या दोन दिवस आधी उजनी धरणाच्या काठच्या, भिगवणजवळच्या कुंभारगावच्या एखाद्या नावाड्याला फोन लावा, आणि "पक्षी आलेत का?" असं विचारण्याऐवजी "पाणी किती उतरलंय?" असं विचारा. पावसाळ्यानंतर उजनी तुडुंब असते तेव्हा काठच पाण्याखाली असतो, पट्टकदंबांना, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असणाऱ्या या पाहुण्या हंसांना, चरायला जागा नसते आणि थवे पांगतात. शेतीसाठी धरणातून पाण्याची आवर्तनं सुटून पाणी मागे हटलं, गाळपेरीच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरतात त्या, जमिनी उघड्या पडल्या, की ओल्या काठावर कोवळं गवत फुटतं आणि पट्टकदंब तिथे उतरतात. तसे ते हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि मार्चमध्ये परततात. मला जानेवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात आवडतो. शक्य असेल तर सुट्टीचा दिवस टाळा. रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांच्या होड्यांनी काठ गजबजलेला असतो.

पुण्याहून भिगवण सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पहाटे चारला घर सोडायचं आणि उजाडायच्या आत पाण्याशी पोचायचं. नैसर्गिक विधी महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर उरकून घ्या, पुढे आडोसा नाही. सुटे पैसे जवळ ठेवा, काठावर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

कपडे मातकट, खाकी नाहीतर शेवाळी रंगाचे. पांढरा आणि लाल घरीच राहू द्या. वाऱ्याला अडवणारं जाकीट लागतंच, पण हात हलवला की सळसळणारं नको. पहाटेच्या शांततेत तो आवाज पाण्यावरून लांब जातो. कानटोपी आणि हातमोजे घ्या, कारण होडीतला वारा जमिनीवरच्या थंडीपेक्षा बोचरा असतो. दहानंतर मात्र ऊन पाण्यावरून डोळ्यांत घुसतं, तेव्हा झापडीची टोपी हवी. पायात जुने कॅनव्हासचे बूट, पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड. गाळ वरून कोरडा दिसतो आणि पाय घोट्यापर्यंत जातो.

दुर्बीण 8×42 ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी घ्या. दहा पटीची घेण्याचा मोह होतो, पण डुलणाऱ्या होडीत तिच्यातलं चित्र थरथरत राहतं. विकत घ्यायची नसेल तर मागून आणा, पण आदल्या दिवशी गच्चीवर बसून ती आपल्या डोळ्यांना लावून घ्या. आधी उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला समोरच्या तारेवरचा कावळा स्पष्ट दिसेल असं करायचं, मग डावा मिटून उजव्या बाजूची कडी फिरवायची. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी येणारी रबरी वाटी खाली दाबून ठेवा. एवढं न केल्यामुळे नवी दुर्बीण गळ्यात अडकवून दिवसभर धूसर पक्षी बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हंस आपल्यामुळे उठता कामा नयेत. हे पक्षी मंगोलिया, तिबेट आणि लडाखच्या बाजूला वीण करतात आणि हिमालय ओलांडून इथे येतात. 7,000 मीटरच्या वर उडाल्याच्या नोंदी आहेत. परतीच्या त्या प्रवासाची चरबी ते आपल्याकडच्या गवतावर आणि हरभऱ्यावर साठवत असतात. आपण उठवलेल्या प्रत्येक थव्याचं त्यातलं थोडं खर्ची पडतं. एकदा आमच्या होडीतल्या कुणाला तरी जवळचा फोटो हवा होता, नावाड्याने भिडेखातर इंजिन चालू ठेवलं आणि शंभरेक हंस एकदम उठले. ते दुपारपर्यंत त्या काठाला परतले नाहीत. मी गप्प बसले होते, याचं अजून वाईट वाटतं. आता होडीत पाय ठेवतानाच सांगते, "दादा, लांबच थांबवा, इंजिन बंद." दादा म्हणतात, "ताई, अजून जरा जाऊ की, काही नाही व्हत." मी नको म्हणते.

कुठे थांबायचं ते थवाच सांगतो. चरणाऱ्या हंसांच्या माना खाली असतात, कडेचे एकदोन मान ताठ करून राखण करतात. चार-पाच माना वर आल्या की आहोत तिथेच थांबायचं. सगळी तोंडं एकाच दिशेला वळून पावलं पाण्याकडे निघाली, तर मागे व्हायचं. माना पुन्हा खाली गेल्या की मग निवांत दुर्बीण लावा. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे, नारिंगी-पिवळी चोच, तसेच पाय. ज्याच्या डोक्यावर पट्टे नाहीत, डोक्याची मागची बाजू नुसती राखाडी-करडी आहे, ते यंदाचं पिल्लू. ते आईबापांना धरून चरत असतं. तिघा-चौघांचं असं कुटुंब थव्यात वेगळं ओळखता येतं. एखाद्याच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर रंग आणि त्यावरची अक्षरं लगेच वहीत उतरवा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस भारतात सापडले आहेत. लिहायला शिसपेन्सिलच घ्या, शाई दवाने पसरते.

बाकीची मंडळी वाटेत भेटतातच: चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू बदक, शेकाटे, चमचे, पाण्यावर काळे ठिपके सांडावेत तसे वारकरी.

काठावर उतरलात तर बांधावरूनच चाला, गाळपेरीत पाय नको. रात्री हंसांनी खुडलेला हरभरा शेतकऱ्याचा असतो, त्याचं नुकसान खरं आहे. त्याच्याशी बोला, ऐकून घ्या. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासात चहा. चिप्सची पुडकी नकोत, वाजतात आणि उडून पाण्यात जातात. दुपारी जेवायला गावात चिलापी माशाचं कालवण मिळतं.

आणि एक जादा स्वेटर गाडीत राहू द्या. दिवस मावळल्यावर लगेच परतू नका. शेताच्या कडेला गाडी बंद करून काचा खाली करा. थोड्या वेळाने धरणाच्या बाजूने आँग-आँग असा आवाज येऊ लागतो, मग अंधुक आभाळात एक वाकडीतिकडी ओळ डोक्यावरून हरभऱ्याकडे जाते, तिच्यामागे दुसरी.